नऊ महिन्यांच्या पलटणीमागे, कॅरीपर्यंत

अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल मला तीनच गोष्टी माहीत होत्या. ते उत्तर आणि दक्षिण यांच्यात झालं, गुलामगिरीवरून झालं, आणि खानोलकर काकांसमोर त्याचा विषय काढला की संध्याकाळ गेली. काका आमच्या समोरच्या घरात राहतात. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत आम्ही येऊन अकरा वर्षं झाली, त्यांना पंचेचाळीसच्या वर. ते भूलतज्ज्ञ होते. आयुष्यभर लोकांना सुई टोचून झोपवलं, निवृत्तीनंतर हेच काम ते इतिहास सांगून करतात, असं माझा नवरा संदीप म्हणतो. काकांच्या तोंडावर म्हणतो, आणि काका हसतात.

काकू गेल्यावर काका गावाच्या वाचनालयातल्या जुन्या कागदांच्या खोलीत जाऊन बसायला लागले. तिथे त्यांना आपल्या भागातली एक स्वयंसेवक पलटण सापडली. शेतकरी, जोडे शिवणारे, एक-दोन शाळामास्तर. कुणी सक्ती न करता नाव नोंदवलेली माणसं, आणि तीही फक्त नऊ महिन्यांसाठी. शरद ऋतूत गेले, उन्हाळ्यात परत आले. पलटणीचा नंबर मी इथे देत नाही, कारण मी तिच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणाच्या खापरपणतवाने मला ईमेल पाठवावी अशी इच्छा नाही. थोडक्यात सांगायचं तर ही पलटण जवळजवळ प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचली.

"एक तरी लढाई जिंकली का त्यांनी?" मी एकदा विचारलं होतं.

"आमांशाशी बरीच लढले," काका म्हणाले. "हरले."

या पलटणीच्या वाटेनं गाडीनं जायचं, ही त्यांची तीन वर्षांची इच्छा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी म्हटलं, काका, चला, मी चालवते. नॉर्थ कॅरोलिनापर्यंत जाऊ, मग कॅरीला अनिकेतकडे चार दिवस राहू, आणि परत येऊ.

अनिकेत हा काकांचा मुलगा. कॅरीत औषधांच्या कंपनीत काम करतो.

आता खरं कारण सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरात हे कधी ना कधी होणार आहे. फेब्रुवारीत काका घरासमोरच्या ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरून पडले. मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी त्यांची लाल लोकरीची टोपी दिसली, मग बऱ्याच अंतरावर काका. मनगटावर निभावलं. पण त्यानंतर अनिकेतचे मला फोन सुरू झाले. "वृंदाताई, ते माझं ऐकत नाहीत. मी विषय काढला की फोन ठेवतात. तू फक्त त्यांना इथपर्यंत आण. एकदा आले की राहतील. खालची रूम रेडी केलीय, बाथरूमला धरायचे बार लावलेत. घराचं आपण नंतर बघू. घर विकून देणाऱ्या रिअल्टरशी बोलणं झालंय."

म्हणजे परतीचा प्रवास फक्त माझा होता. अनिकेतनं रविवारचं, कॅरीशेजारच्या रॅलीहून बॉस्टनला जाणाऱ्या विमानाचं एक तिकीट काढून मला पाठवलं. काका आणि काकांची गाडी कॅरीतच राहणार होती. काकांना यातलं काही माहीत नव्हतं.

आणि मी हो म्हटलं. ती टोपी मी विसरू शकत नव्हते.

दिवस पहिला: श्रूजबरी ते हेगर्सटाउन

सकाळी सहाला निघालो. ज्यांना ही सहल करायची आहे त्यांच्यासाठी: पलटण बॉस्टनहून बोटीनं दक्षिणेला गेली होती आणि शेवटी मेरीलँडमार्गे घरी आली. गाडीनं जायचं तर आधी मेरीलँड लागतं. त्यामुळे आम्ही त्यांचा इतिहास शेवटाकडून सुरुवातीकडे वाचणार होतो. काकांना हे अजिबात पसंत नव्हतं. "पेशंट आधी जागा करायचा आणि मग भूल द्यायची," असं म्हणून ते गाडीत बसले.

रस्ता सोपा आहे. ८४ नंबरचा हायवे धरून कनेक्टिकट, न्यूयॉर्कचा एक तुकडा आणि पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन, तिथून ८१ दक्षिणेला. सुमारे सात तास, शिवाय ज्येष्ठ नागरिकांच्या थांब्यांचे दोन. ऑक्टोबरात जा. डॅनबरीच्या पुढे डोंगर इतके लाल-पिवळे झाले होते की काकासुद्धा दहा मिनिटं गप्प बसले.

मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं घेतलं होतं. काकांनी स्वतःचा डबा आणला होता. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, काकूंच्या दिवाळीच्या अनारशांचा. त्यात त्यांनी भाजलेले हार्डटॅक होते. हार्डटॅक म्हणजे तेव्हाच्या सैनिकांचा पाव. मैदा, पाणी, मीठ, आणि मग ओव्हनमध्ये ठेवून विसरून जायचं. चौकोनी, भोकं पाडलेली फरशी तयार होते. काकांचा नियम असा की प्रत्येक जेवणाआधी प्रत्येकानं एक घास हार्डटॅक खायचा.

"तुम्ही कसा खाणार? तुमची कवळी आहे," मी म्हटलं.

"मी चहात बुडवणार. तेही बुडवायचे. आणि मला तर भरतीलाच घेतलं नसतं. काडतुसाचा कागद दातानं फाडायला लागायचा. समोरचे दात नसले की घरी पाठवायचे."

"मग बरं झालं की."

"बरं काय? गावात उरलेल्या बायका विचारायच्या, तू का नाही गेलास? त्यांना दात दाखवायचे का?"

मी चावायला गेले आणि माझ्या दाढेची कॅप हलली. पुढचे तीन दिवस मी डाव्या बाजूनं जेवले. इतिहासाचा माझ्यावर झालेला हा पहिला ठोस परिणाम.

स्क्रँटनच्या अलीकडे काकांचा डोळा लागला. मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं. गाडी अनिकेतनं दोन वर्षांपूर्वी घेऊन दिलेली, लेन सोडली की ओरडणारी आणि आलेले मेसेज वाचून दाखवणारी. माझा फोन तिला जोडला होता, नकाशासाठी. अनिकेत मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो. गाडीतली बाई एकदम तिच्या अमेरिकन आवाजात बोलायला लागली: "बाबाला कॅही सँगू नकोस. रीटर्न टिकट फॅक्ट टुजं आहे."

मी स्क्रीनवरची जी दिसतील ती सगळी बटणं दाबली. वायपर सुरू झाले. कोरड्या काचेवर ते कर्रकर्र फिरत होते आणि मी काकांकडे बघत होते. काका झोपलेले होते. श्वास संथ, नियमित. मी देवाचे आभार मानले आणि फोनची वायर उपटली.

त्या मेसेजवरून मला आठवलं ते माझ्याच बाबांचं.

माझे बाबा अकोल्याला एकटे राहायचे. आई गेल्यावर दोन वर्षांनी भाऊ आणि मी ठरवलं, आणि डोळे तपासायला म्हणून चार दिवसांसाठी त्यांना पुण्याला नेलं. त्या चार दिवसांचं काय होतं हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. नेणाऱ्यांनाही आणि जाणाऱ्यांनाही. फक्त बोलायचं नसतं. बाबांनी पुण्यात आपली बॅग कधी उघडून कपाटात लावली नाही. कपडे बॅगेतून काढायचे, धुऊन वाळवून पुन्हा बॅगेत ठेवायचे. दीड वर्ष.

दुपारी चारला मेरीलँडमध्ये विल्यम्सपोर्टला पोचलो. छोटं गाव, पोटोमॅक नदीचा काठ, शेजारून गेलेला जुना कालवा, सायकली घेऊन आलेली माणसं. पलटणीची नऊ महिन्यांची मुदत संपत आली होती तेव्हा त्यांना इथे पळवत आणलं. दक्षिणेची फौज मागे हटत होती आणि तिला नदी ओलांडण्याआधी गाठायचं होतं. आमची मंडळी चिखल तुडवत आली तेव्हा ती फौज पलीकडे गेलेली होती.

"मग काय केलं त्यांनी?"

"नदी बघितली," काका म्हणाले. "आपण बघतोय तशी."

आम्ही थोडा वेळ नदी बघितली. ती आपली वाहत होती.

"पण एक लक्षात घे," परत गाडीकडे येताना ते म्हणाले. "मुदत संपत आली होती. त्यांना सरळ घरी सोडा म्हणता आलं असतं. कागद होता त्यांच्या हातात. तरी आणखी थोडे दिवस थांबाल का असं विचारलं आणि ते थांबले. विचारलं म्हणून थांबले."

मी गाडीची किल्ली शोधत राहिले. ती माझ्या हातातच होती.

हेगर्सटाउनला हायवेलगतचं मोटेल घ्या, शंभरेक डॉलरला एक खोली मिळते आणि सकाळी वॉफल फुकट. वॉफलचं यंत्र उलटं करायला विसरू नका. काका विसरले.

दिवस दुसरा: आय-९५ नावाचं खरं युद्ध

आज लिहिण्यासारखं फार नाही, कारण आजचा बहुतेक दिवस आम्ही व्हर्जिनियात फ्रेडरिक्सबर्गच्या आसपास एका ट्रकच्या मागे उभे होतो. वॉशिंग्टनच्या दक्षिणेला हा आय-९५ हायवे कुठल्याही दिवशी तुंबतो. सकाळी दहाच्या आत पार करा नाहीतर दुसरी दशमी काढा.

काकांनी वेळ सत्कारणी लावला. पलटणीतल्या एका जोडे शिवणाऱ्याची पत्रं त्यांनी वाचनालयात बसून एका वहीत उतरवून घेतली आहेत. तो आपल्याच गावचा, विशीतला. लढाईबद्दल तो क्वचितच लिहितो. जेवण वाईट आहे, बूट त्याहून वाईट आहेत, आणि ज्यानं शिवले त्याला तो ओळखतो, असं लिहितो. आणि प्रत्येक पत्रात भावाला सफरचंदाच्या एका कलमाबद्दल विचारतो. पाणी घातलंस का, सशांनी साल खाल्ली का, बांधलंस का.

"आला का तो परत?"

"उद्या सांगतो."

"काका, हे काय सिरियल आहे का?"

"तुझ्याकडेही असेल की एखादी गोष्ट उद्या सांगण्यासारखी," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर ट्रककडे बघत बसले. मला वाटलं, सहज बोलले असतील. माणसाला जे वाटून घ्यायचं असतं ते वाटतं.

त्यांच्या स्वतःच्या कढीपत्त्याचीही चौकशी झालीच. मोठ्या कुंडीतलं झाड, काकूंनी लावलेलं, उन्हाळ्यात डेकवर आणि थंडीत बैठकीच्या खोलीत. अख्खं श्रूजबरी त्याच्यावर फोडणी करतं. "संदीपला सांगितलंयस ना, रात्री गारठा पडायच्या आत आत घे म्हणून? पाणी कमी घाल. तो कर्तव्य म्हणून घालतो, झाड बुडवेल." मी म्हटलं, आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. वाक्य माझ्याच तोंडून आलं आणि मला माझ्या आवाजाची लाज वाटली.

सहा तासांचा रस्ता नऊ तासांत कापून नॉर्थ कॅरोलिनातल्या गोल्ड्सबरोला पोचलो तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. इथला रेल्वेचा पूल जाळायला आमच्या बाजूची मोठी फौज न्यू बर्नहून चालत आली होती, भर डिसेंबरात. पूल जळला. आमची पलटण तेव्हा मागे सामानाच्या गाड्या राखत होती. शत्रूनं थोड्याच दिवसांत पूल पुन्हा उभा केला. नदीकाठी माहितीच्या पाट्या आहेत, झाडी आहे, आणि डास ऑक्टोबरातही आहेत. काकांनी प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचली. एकाही पाटीवर आमच्या पलटणीचं नाव नव्हतं.

"सामान राखणाऱ्यांची पाटी कोण लावतं?" काका म्हणाले.

दिवस तिसरा: किन्स्टन, न्यू बर्न

गोल्ड्सबरो ते किन्स्टन अर्धा-पाऊण तास, तिथून न्यू बर्न तेवढाच. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. विदर्भातली असल्यामुळे मी गाडी थांबवून एक बोंड हातात घेऊन बघितलं. हाताला ओळखीचं लागलं. मग हा कापूस इथे कुणी वेचला होता ते आठवलं आणि मी गाडीत येऊन बसले. या सहलीत थट्टा करता येते ती फक्त आपल्या पलटणीची. बाकीच्याची नाही.

जेवायला किन्स्टनजवळ रस्त्याकडेच्या बार्बेक्यूच्या टपरीवर थांबलो. इथे अख्खं डुक्कर रात्रभर निखाऱ्यांवर भाजतात आणि व्हिनेगर-मिरचीचं पाणी घालतात. काका खातात, मी खात नाही. शाकाहाऱ्यांनी मक्याच्या पिठाची तळलेली भजी, म्हणजे हश पपीज, आणि कोबीची कोशिंबीर मागवा. पालेभाजीच्या वाटेला जाऊ नका, तिच्यातही डुक्कर असतं. चहा गोड मिळतो. म्हणजे गुलाबजामचा पाक जितका गोड असतो तितका.

न्यू बर्न सुंदर आहे. दोन नद्यांच्या संगमावर, विटांची घरं, मोठी झाडं. पलटण बोटीनं येऊन इथेच उतरली आणि बहुतेक सगळे महिने इथेच होती. गाव आधीच उत्तरेच्या ताब्यात आलेलं. यांनी पहारा दिला, तंबू ठोकले, आजारी पडले.

गावाबाहेर सैनिकांचं दफनस्थान आहे. पांढऱ्या लहान दगडांच्या ओळी, आत येणं मोफत, फाटक संध्याकाळी बंद होतं. मॅसॅच्युसेट्सचं एक मोठं स्मारक आहे. काका त्याच्याकडे न जाता वही उघडून ओळी मोजत निघाले. तेव्हाच मला कळलं की जोडेवाला परत आला नव्हता.

एक वयस्कर कृष्णवर्णीय बाई एका दगडाजवळ पानं गोळा करत होत्या. निळी टोपी, हातात मोजे, शेजारी प्लास्टिकची बादली. त्यांनी विचारलं, "कुणाला शोधताय?"

काकांनी नाव सांगितलं. बाईंनी काकांच्या वहीत बघितलं आणि आम्हाला चार ओळी पलीकडे नेलं. ताप, काका म्हणाले. मुदत संपायला दोन महिने होते.

"तुमच्या नात्यातला?" बाईंनी विचारलं. काकांच्या रंगाकडे त्यांनी बघितलं असेल तर मला तरी दिसलं नाही.

"गाववाला," काका म्हणाले. मग नेहमीप्रमाणे सुरू झाले. "आमची पलटण म्हणजे गंमतच होती. कुठेच वेळेवर पोचले नाहीत. पूल जळला तेव्हा सामान राखत होते. इथे तर नुसता पहारा दिला."

बाईंनी बादली खाली ठेवली. "माझ्या आजीची आजी त्या वर्षी इथे आली. मालकाच्या शेतातून पळून, दोन पोरं घेऊन, तीन रात्री चालत. का, माहीत आहे? कारण इथे तुमचे ते लोक नुसते उभे होते. ते उभे होते म्हणून मालकाला तिला न्यायला येता आलं नाही." त्यांनी मोजे काढून झटकले. "उभं राहणं कमी समजू नका, डॉक्टर."

काका डॉक्टर आहेत हे त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे. बहुतेक काकांनीच, पहिल्या मिनिटात. तीन वर्षांत पहिल्यांदा पलटणीच्या विषयावर काका गप्प झाले.

बाई गेल्यावर त्यांनी डब्यातला एक हार्डटॅक काढला आणि दगडापाशी ठेवला. "फूल आणायला हवं होतं," ते म्हणाले. "पण हा म्हणाला असता, फूल काय खायचंय?"

मी तिथेच गवतावर बसले आणि सांगितलं. तिकिटाचं, खालच्या खोलीचं, रिअल्टरचं, सगळं. एका दमात, त्यांच्याकडे न बघता. मग बाबांच्या बॅगेचंही सांगितलं, जे मी भावाशीसुद्धा कधी बोलले नाही.

काकांनी माझं होऊ दिलं.

"स्क्रँटनपासून वाट बघतोय," ते म्हणाले.

"तुम्ही झोपला होतात."

"अगं, चाळीस वर्षं झोपलेली माणसं बघत उभा होतो. श्वास कसा घेतात, तोंड किती उघडतं, मान कुठे पडते. सोंग मला नाही जमणार तर कुणाला?" थोडं थांबून म्हणाले, "वायपर मात्र छान लावलेस."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. दोन्ही एकदम आल्यावर चेहरा फार वाईट दिसतो, तेव्हा मी पानं गोळा करायला लागले.

"मला राग आला होता," काका म्हणाले. "तुझा जास्त. अनिकेत मुलगा आहे, तो घाबरलाय. तू समोर राहतेस. तू विचारायचंस."

"विचारलं असतं तर आला असतात?"

"नसतो आलो. पण विचारायचंस." त्यांनी वही मिटली. "आणि पडलो मी. तेही खरं. टोपी उडाली तेव्हा मला वाटलं, बास. ते मी कुणाला सांगितलं नाही. बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी अनिकेत सामान हलवायचा ट्रक घेऊन आला असता."

"आत्ता परत फिरू या का?" मी विचारलं. आणि मी खरंच फिरले असते. दाढ, ट्रक, आय-९५ सगळं मान्य करून.

"नको. रूम रेडी केलीय ना त्यानं. बार लावलेत." ते उठायला लागले, मी हात दिला. "पण माझ्या पद्धतीनं जायचं."

कॅरी

न्यू बर्नहून कॅरी दोन तास. संध्याकाळी पोचलो. खालची खोली खरंच चांगली होती, खिडकीत ऊन येईल अशी. काकांनी बॅग उघडली नाही. मी बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोह्यांवर, त्यांनी अनिकेतच्या बारा वर्षांच्या मुलीला, ईशाला, कागद-पेन आणायला सांगितलं.

"लिही. मी, डॉक्टर खानोलकर, स्वखुशीनं, कुणीही सक्ती न करता, या घरात नऊ महिन्यांसाठी नाव नोंदवत आहे."

अनिकेतनं चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांतले शेंगदाणे डाव्या दाढेकडे वळवण्यात गुंतले होते.

"ऑक्टोबर ते जुलै. बर्फ टळला. हवापाणी बरं, डॉक्टरांची परवानगी. डॉक्टर मीच. या मुदतीत श्रूजबरीचं घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, दाखवायचंसुद्धा नाही. जुलैत मुदत संपली की मला घरी सोडायचं."

"बाबा, हे काय चाललंय?" अनिकेत म्हणाला. "आणि पुढच्या विंटरला? पुन्हा पडलात तर? मला तिकडून वृंदाताईचा फोन आला ना, तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो, आणि मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. फक्त 'बर्फ' ऐकू आलं. तुम्हाला कल्पना आहे का?"

त्याचा आवाज फुटला. इतके महिने मी त्याच्याकडे कट करणारा माणूस म्हणून बघत होते. तो चाळिशीतला, डोळ्यांखाली काळं आलेला मुलगा होता, बस.

काकांनी हात पुढे केला आणि त्याच्या मनगटावर ठेवला, नाडी बघतात तसा. "म्हणून एक कलम आहे. ईशा, लिही. मुदत संपल्यावर आणखी थांबाल का, असं विचारण्याचा अधिकार मुलाला राहील. विचारण्याचा. न विचारता ठेवून घेण्याचा नाही."

"And if he asks, you have to say yes?" ईशानं विचारलं.

"नाही. विचार करायला लागेल एवढंच."

"Ajoba, this is so not legally binding."

"खाली सही कर, कारकून म्हणून."

अनिकेतनं कागद दोनदा वाचला. मग त्यानं ईशाच्या हातातून पेन घेतलं आणि सही केली. साक्षीदार म्हणून मी केली. त्यानंतर तो उठून मागच्या अंगणात गेला आणि तिथून रिअल्टरला फोन केल्याचं ऐकू आलं. "होल्ड करा," तो सांगत होता. "नाही, कॅन्सल. कॅन्सलच करा."

मी निघण्याआधी खालच्या खोलीत डोकावले. काकांनी कपडे कपाटात लावले होते. रिकामी बॅग पलंगाखाली सरकवलेली होती, फक्त स्टीलचा डबा बाहेर होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

"एक उरलाय. माझ्या ओट्यावर ठेव. जुलैत येऊन खाईन. खराब होत नाही."

परत श्रूजबरी

विमान दोन तासांचं. जो रस्ता कापायला आम्हाला तीन दिवस लागले तो मी एक कॉफी पिता पिता ओलांडला. पण कुणी विचारलं तर मी गाडीनंच जा म्हणेन. पलटणीचं विचारलं तर मी आता थट्टा थोडी कमी करते. आय-९५ची पूर्ण करते.

कढीपत्ता मी आमच्या घरी आणलाय. संदीपला हात लावू देत नाही. दर शनिवारी सकाळी मी समोरच्या घरात जाते, नळ सोडून बघते, हीटर बघते, खिडक्या बघते. पाच मिनिटांचं काम. मग थोडा वेळ नुसती उभी राहते.

शनिवारी काकांचा फोन येतो. जेवण चांगलं आहे पण फोडणीत जीव नाही, शेजारी बरे आहेत, ईशाला युद्धाचा इतिहास सांगायला घेतलाय आणि ती अजून झोपलेली नाही. मग विचारतात, पाणी किती घालतेस? मी सांगते. कमी कर, ते म्हणतात.

गेल्या शनिवारी मी विचारलं, "काका, जुलैत अनिकेतनं थांबा म्हटलं तर?"

पलीकडून झोपल्यासारखा संथ, नियमित श्वास ऐकू येत होता.

"काका, सोंग नको," मी म्हटलं.

"विचार करतोय," ते म्हणाले. "आत्तापासून करायला नको का?"

बाहेर या वर्षीचा पहिला बर्फ पडत होता. त्यांच्या ड्राइव्हवेवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. मी समोरच्या घरात जाऊन ओट्यावरचा डबा उघडून बघितला. हार्डटॅक होता तसाच होता. मी झाकण घट्ट लावलं आणि बर्फ उपसायचं फावडं शोधायला गॅरेजमध्ये गेले.